पाठीवर टाकी, मनगटावर घड्याळ: जुन्या पाणबुड्यांची हत्यारं

१९५० च्या दशकात हौसेनं समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या, म्हणजे डायव्हरच्या, अंगावर काय काय असायचं? पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी. टाकीच्या तोंडाशी, मानेच्या मागे एक गोल डबा आणि त्यातून दोन्ही खांद्यांवरून तोंडापर्यंत आलेल्या दोन जाड, वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या. डोळ्यांवर मास्क, पायांत फिन, कमरेला शिशाची वजनं. आणि मनगटावर घड्याळ.

काय नसायचं ही यादी जास्त बोलकी आहे. टाकीत किती हवा उरली हे दाखवणारं मीटर बहुतेकांकडे नव्हतं. तरंगणं कमी-जास्त करणारं जाकीट नव्हतं. तोंडातली नळी बिघडली तर दुसरी नव्हती. आता किती वेळात वर निघायला हवं हे सांगणारा कॉम्प्युटर तर स्वप्नातही नव्हता.

पाण्याखाली जिवंत राहायचं तर तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. हवा किती उरली, आपण किती खोल आहोत आणि उतरून किती वेळ झाला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या काळी अंदाजपंचेच मिळायची. तिसऱ्याचं मात्र नेमकं मिळायचं, कारण घड्याळ बनवण्याची कला तोवर चांगलीच मुरली होती. त्यामुळे हवेचा हिशेबसुद्धा वेळेवरूनच लावायचा, असा सगळा मामला. जुन्या डायव्हिंग घड्याळांना आज लोक दागिना समजतात. मला ती पाण्याखालची हिशेबवही वाटतात.

दाब नावाची भानगड

समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की दाब साधारण एका वातावरणाएवढा, म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा, वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० वर तीन, ३० वर चार. छातीवर बाहेरून एवढा दाब असताना फुप्फुसं फुगवायची, तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी. जास्त नको, कमीही नको. हे जुळवून देणाऱ्या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात.

आता टाकीचा हिशेब बघा. त्या काळातल्या एका चांगल्या पोलादी टाकीत साधारण २००० लीटर हवा मावायची. माणूस पोहताना मिनिटाला २५ लीटर हवा घेतो असं धरू. पृष्ठभागावर ती टाकी ८० मिनिटं पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, म्हणजे ४० मिनिटं. ३० मीटरवर फक्त २०. म्हणजे खोली ठाऊक असेल आणि हातात घड्याळ असेल, तर हवेच्या मीटरशिवायही अंदाज बांधता येतो. घाबरलेला माणूस धापा टाकत दुप्पट हवा ओढतो आणि हिशेब कोलमडतो, ही गोष्ट वेगळी.

मोटारीतून समुद्रात आलेला रेग्युलेटर

'मागाल तेवढीच हवा' ही कल्पना 'ॲक्वालंग' या पाण्याखालच्या श्वासयंत्रामुळे गाजलेल्या कूस्तोच्या आधीची आहे. फ्रान्समध्ये बनुआ रुकेरोल या खाण अभियंत्यानं १८६० मध्ये असं यंत्र केलं ते खाणीतल्या बचावकार्यासाठी. १८६४ मध्ये नौदलातल्या ऑगस्त देनेरूझच्या साथीनं ते पाण्याखाली नेलं. पण खूप दाबाची हवा पेलणाऱ्या हलक्या टाक्या तेव्हा नव्हत्या, म्हणून वरून पंपानं हवा पुरवावीच लागायची. कल्पना काळाच्या पुढे होती, पण ती पेलणारं पोलाद मागे राहिलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई, म्हणून मोटारी गॅसवर चालवायची धडपड चाललेली. एअर लिक्विड कंपनीतला अभियंता एमिल गान्यां इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणाऱ्या रेग्युलेटरवर काम करत होता. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कूस्तोचे सासरे याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. त्यांच्यामुळे डिसेंबर १९४२ मध्ये दोघांची गाठ पडली. इंजिनाऐवजी माणसाला जोडायचं, एवढाच फरक करायचा होता.

तेवढाच नव्हता, हे पहिल्या चाचणीत कळलं. १९४३ च्या सुरुवातीला मार्न नदीच्या गारठ्यात कूस्तो उतरला. आडवं पोहताना यंत्र छान चाललं. उभं राहिल्यावर हवा आपोआप भसाभस वाहून जायला लागली. डोकं खाली केलं की हवा मिळेना. कारण साधं निघालं. हवा सोडणारा पडदा एका पातळीवर आणि उच्छ्वास बाहेर टाकणारं तोंड दुसऱ्या पातळीवर. माणूस उभा राहिला की दोघांमध्ये काही सेंटिमीटरचा फरक पडायचा आणि तेवढ्या पाण्याचा दाब सगळा तोल बिघडवायचा. उपायही तितकाच साधा: उच्छ्वासाची नळी वळवून परत मागे, पडद्याच्या अगदी शेजारी नेऊन सोडायची.

म्हणून दोन नळ्या! जुन्या फोटोंत ऐटबाज दिसणाऱ्या त्या जोडनळ्यांपैकी उजव्या खांद्यावरून येणारी श्वास आणते आणि डाव्या खांद्यावरून जाणारी उच्छ्वास परत नेते. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर, बांदोलजवळ, नवी जुळणी समुद्रात चालली आणि ॲक्वालंग जन्माला आलं.

या रेग्युलेटरचे स्वभावही मजेशीर. पडदा मानेमागे असल्यामुळे पालथं पोहताना तो फुप्फुसांपेक्षा थोडा वर असतो, म्हणजे कमी दाबात. मग श्वास जरा ओढून घ्यावा लागतो. उताणं झालं की उलट. हवा न मागता तोंडात येते. तोंडातला भाग निसटला आणि नळ्यांत पाणी शिरलं तर डाव्या कुशीवर वळायचं, म्हणजे पाणी उच्छ्वासाच्या नळीत उतरतं, आणि जोरानं फुंकायचं. शिकाऊंना हे पुन्हा पुन्हा घोटवून घेत. फायदा एक मोठा: बुडबुडे डोक्यामागून निघतात, तोंडापुढून नाही. पाण्याखाली छायाचित्रं काढणारे काही जण या जुन्या नळ्यांना चिकटून राहिले ते यामुळेच.

पुढे बाजी मारली एकाच नळीच्या रेग्युलेटरनं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडनं दाब दोन टप्प्यांत विभागला. पहिला टप्पा टाकीवर, दुसरा थेट तोंडाशी, मध्ये एक बारीक नळी. त्याचं 'पॉरपॉइस' १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. उच्छ्वास तोंडाशीच बाहेर पडतो, त्यामुळे मागे नळी न्यायची गरजच संपली. आजचा जवळजवळ प्रत्येक रेग्युलेटर याच घराण्यातला. कूस्तोचं नाव सगळ्यांना माहीत आणि एल्ड्रेडचं फारसं कुणाला नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं.

हवा संपत आली हे कळायचं कसं?

मीटर नाही, तर मग काय? यावरची जुगत म्हणजे जे-व्हॉल्व. टाकीच्या तोंडाशी एक स्प्रिंग. टाकीत भरपूर दाब आहे तोवर हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून बाहेर येते. दाब सुमारे २० वातावरणांपर्यंत उतरला की स्प्रिंग जिंकते आणि वाट बंद करू लागते. पाणबुड्याला काय जाणवतं? एक श्वास जड. पुढचा आणखी जड. तिसऱ्याला जणू कुणी नळी दाबून धरली आहे. मग हात पाठीमागे न्यायचा, टाकीच्या कडेनं खाली आलेली तार चाचपायची आणि खाली खेचायची. तार एक दांडा फिरवते, स्प्रिंग बाजूला होते, राखीव हवा मोकळी होते. आता इकडेतिकडे न बघता वर निघायचं.

यातली गोम अशी की उतरतानाच तो दांडा कुठे अडकून खाली झालेला असेल, तर श्वास जड होईल तेव्हा राखीव काहीच उरलेलं नसतं. ते आधीच वापरून झालेलं. म्हणून अधूनमधून मागे हात नेऊन दांडा वरच आहे ना, हे बघायची सवय असे. साध्या, राखीव नसलेल्या व्हॉल्वला के-व्हॉल्व म्हणत. जे आणि के ही अक्षरं कुठल्या शास्त्रीय संज्ञेची नव्हेत. यूएस डायव्हर्स कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधली ती खुणेची अक्षरं. जे केव्हाच मागे पडला. के हे नाव अजून चालतं.

खोलीच्या मीटरची गोष्ट त्याहून सोपी. एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडी अशी बारीक पारदर्शक नळी, गोल तबकडीवर वळवलेली. बस्स. खाली जाल तसं पाणी नळीत शिरतं आणि आतली हवा आकसते. पाणी जिथे थांबलं ती खोली. बॉइलचा नियम थेट मनगटावर बांधलेला. पण १० मीटरवर हवा निम्मी होते, म्हणजे पहिल्या १० मीटरनाच अर्धी नळी खर्ची पडते. ३० पासून ४० मीटरपर्यंतच्या फरकाला नळीचा फक्त विसावा भाग मिळतो. उथळ पाण्यात झकास, खोलात मात्र आकडे एकमेकांच्या अंगावर.

वेळ का मोजायची

हवा संपणं हा धोका लगेच कळतो. दुसरा धोका कळत नाही. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. झपकन वर आलं की तो बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडतो. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेननं शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर कसं यायचं याची पहिली शास्त्रीय कोष्टकं दिली. शरीराचे भाग वेगवेगळ्या वेगानं नायट्रोजन घेतात आणि सोडतात, म्हणून त्यानं पाच काल्पनिक कप्पे धरले.

अमेरिकी नौदलाच्या जुन्या कोष्टकात न थांबता थेट वर येण्याची मर्यादा अशी होती: ६० फुटांवर ६० मिनिटं, १०० फुटांवर २५, १३० फुटांवर जेमतेम १०. एवढ्या थोड्या मिनिटांत आठवणीवर विसंबून चालत नाही, त्यातून खोल पाण्यात नायट्रोजननं डोकं गुंगलेलं असतं. गुंगलेल्या डोक्याला वजाबाकी करायला लावू नये, हे ज्यानं ओळखलं त्यानं घड्याळाला फिरती कडा दिली.

तिलाच बेझल म्हणतात. उतरताना कडेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. नंतर मिनिटकाटा कडेवरच्या ज्या आकड्यासमोर असेल तेवढी मिनिटं झाली. वजाबाकी नाही की पाठांतर नाही. म्हणूनच या घड्याळांत मिनिटकाटा दणकट असतो आणि काहींत तासकाटा अगदी खुरटा. किती वाजले याच्याशी पाण्याखाली कुणाला काय देणंघेणं?

फ्रेंच नौदलाच्या बुड्या मारणाऱ्या लढाऊ सैनिकांच्या तुकडीतले रॉबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना असंच घड्याळ हवं होतं. काळी तबकडी, ठसठशीत चमकणाऱ्या खुणा, फिरती कडा. १९५३ मध्ये ब्लाँपेंचं 'फिफ्टी फॅदम्स' आलं. कंपनीचा प्रमुख झाँ-झाक फिश्तेर स्वतः हौशी पाणबुड्या होता आणि एका बुडीत हवा संपल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याची कडा दाबल्याशिवाय फिरत नसे, म्हणजे कुठे धक्का लागून हिशेब हलायचा नाही. रोलेक्सचं 'सबमरिनर'ही १९५३ चंच. पहिलं कोण, यावर शौकीन अजून हमरीतुमरीवर येतात. मला त्यात फारसा रस नाही. सबमरिनरची सुरुवातीची कडा दोन्ही बाजूंना फिरायची, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. आजच्या बहुतेक कडा फक्त घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. अशी कडा चुकून हललीच तर झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. चूक झालीच तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूनं व्हावी.

१९६७ च्या डॉक्सा सब ३०० नं आणखी पुढचं पाऊल टाकलं. नौदलाचं ते कोष्टकच कडेवर कोरलं. बाहेरच्या गोलात खोली, आतल्या गोलात मिनिटं. मिनिटकाटा तुमच्या खोलीच्या आकड्यापाशी आला की निघायचं. तबकडी नारिंगी, पाण्यात उठून दिसावी म्हणून. भौतिकशास्त्र इथे जरा भुवई उंचावतं, कारण पाणी आधी लाल आणि मग नारिंगी प्रकाश शोषून घेतं. ३० मीटरवर नारिंगी काही नारिंगी राहत नाही. पण फिक्या तबकडीवर काळे काटे वाचता येतात, ते खरं.

घड्याळाला पर्याय काढायचाही प्रयत्न झाला. १९५९ मध्ये इटलीच्या एसओएस कंपनीनं डीकम्प्रेशन मीटर काढलं. आत वायूनं भरलेली लवचीक पिशवी. पाण्याच्या दाबानं ती आकसली की वायू सच्छिद्र सिरॅमिकच्या गुडदीतून हळूहळू एका बंद कप्प्यात झिरपतो आणि काटा सरकतो. वर आलात की वायू त्याच वाटेनं मंदपणे परततो. शरीरात नायट्रोजन कसा मुरतो त्याची हुबेहूब नक्कल, विजेशिवाय! डोकं लढवणाऱ्याला सलाम. अडचण अशी की हॉल्डेनचे कप्पे पाच आणि इथे गुडदी एकच. शिवाय एका मीटरचं दुसऱ्याशी पटेलच असं नाही. पाणबुड्यांनी त्याचं नाव 'बेंडोमॅटिक' पाडलं: त्या आजाराला ते 'बेंड्स' म्हणत आणि हे यंत्र तो आपोआप मिळवून देतं, असा टोमणा.

पाणी आत, हेलियम बाहेर

पाण्याचा दाब हा शत्रू, पण त्यालाच कामाला लावणारी घड्याळाची एक डबी, म्हणजे बाहेरचं कवच, होती. स्वित्झर्लंडच्या एर्विन पिकेरेजच्या कारखान्यानं 'कम्प्रेसर' नावाची डबी काढली आणि बऱ्याच नामांकित कंपन्यांनी ती वापरली. तिचं मागचं झाकण स्प्रिंगवर बसवलेलं. बाहेरून दाब वाढला की झाकण आतल्या रबरी रिंगवर आणखी घट्ट बसतं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर वाफेनं घट्ट होतो, त्यातलीच ही तऱ्हा, फक्त दाबाची दिशा उलटी. याच्या सुपर-कम्प्रेसर भावंडांना बहुधा दोन चाव्या असतात. दुसरी चावी काचेच्या आतली कडा फिरवते.

मोठमोठे आकडे ऐकायला छान वाटतात. २३ जानेवारी १९६० ला झाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्ते' यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी गेले, तेव्हा यानाच्या बाहेर रोलेक्सचं एक प्रायोगिक घड्याळ बांधलेलं होतं आणि वर आल्यावर ते चालू होतं. त्याची काच घुमटासारखी जाड. मनगटावर वागवायची सोय नाहीच. पण खरा पेच खोलीनं नव्हे, मुक्कामानं निर्माण केला.

दाबाखाली दिवसच्या दिवस राहणारे पाणबुडे कोरड्या कोठडीत हेलियम मिसळलेली हवा घेतात. हेलियमचे अणू इतके बारीक की पाणी रोखणाऱ्या रबरी रिंगेतून ते अलगद आत सरकतात. कोठडीचा दाब उतरवायला लागलं की आतला हेलियम तितक्या लवकर बाहेर पडत नाही आणि घड्याळाची काच फट्दिशी उडते. अमेरिकी नौदलाच्या 'सीलॅब' प्रयोगातल्या रॉबर्ट बार्थनं हे पाहिलं होतं. १९६७ च्या सुमारास रोलेक्सच्या 'सी-ड्वेलर'मध्ये एक बारीक एकेरी झडप आली, आतला वायू बाहेर सोडणारी. साधी हवा घेऊन तासाभरात वर येणाऱ्या माणसाला त्या झडपेचा उपयोग शून्य, तरी जाहिरातीत ती दिमाखात मिरवते.

जपान्यांनी प्रश्नच उलटा केला: हेलियम आत येऊच का द्यायचा? १९६८ मध्ये हिरोशिमा भागातल्या कुरे इथल्या एका व्यावसायिक पाणबुड्यानं सेइकोला पत्र लिहून, तुमची घड्याळं आमच्या कामाला टिकत नाहीत असं कळवलं. कंपनीनं सात वर्षं खर्ची घातली. १९७५ च्या टायटॅनियमच्या ६०० मीटर घड्याळाची डबी एकसंध होती आणि तिची रिंग हेलियमलाही दाद देत नव्हती. झडप नाहीच. शिवाय पट्ट्याला वळ्या होत्या. वेटसूटचं, म्हणजे पाण्यात ऊब देणाऱ्या पोशाखाचं, रबर बुडबुड्यांनी भरलेलं असतं. खोलात ते चेपतं, मनगट बारीक होतं आणि साधा पट्टा ढिला पडतो. वळ्यांचा पट्टा आपोआप आवळतो. मला विचाराल तर हा पट्टा हेलियमच्या झडपेपेक्षा जास्त हुशारीचा.

१९८३ मध्ये 'ऑर्का एज' हा डाइव्ह कॉम्प्युटर आला, मग असे कॉम्प्युटर रुळले आणि कडेचं काम संपलं. आता ही घड्याळं बहुतेक संग्राहकांकडे जातात, तेव्हा त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

तबकडीवर २०० मीटर लिहिलं आहे म्हणून जुनं घड्याळ पाण्यात नेऊ नका. तो आकडा नव्या रिंगांसह केलेल्या चाचणीचा असतो आणि रबर काळानुसार कडक होतं. नौदलासाठी बनलेल्या काही फिफ्टी फॅदम्समध्ये तर तबकडीवर ओल लागली की रंग बदलणारा ठिपकाच असायचा. बनवणाऱ्यांनाही भरवसा किती होता ते यावरून कळतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. १९६० च्या आसपासपर्यंत अंधारात चमकणाऱ्या खुणांसाठी किरणोत्सारी रेडियमचा रंग वापरत. नंतर ट्रिटियम आलं. तेही किरणोत्सारीच, पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे १२ वर्षं. रेडियमचं १६०० वर्षं. रंगातली चमकणारी पावडर काही दशकांत जळून जाते, म्हणून जुनी तबकडी अंधारात काळी ठिक्कर दिसते. रेडियम मात्र जवळजवळ सगळं तिथेच असतं. काही जुन्या तबकड्यांवर 'नो रेडिएशन्स' असं मुद्दाम छापलेलं आढळतं, ते याच भीतीपोटी. तेव्हा तसल्या घड्याळाचं मागचं झाकण घरी उघडू नका, काटे खरवडू नका आणि सुटलेला कण फुंकर मारून उडवू नका. हे काम रेडियम हाताळायची सोय असलेल्या घड्याळजीचं आहे.